न बोलणाऱ्याचा पत्ता

अडतीस वर्षांच्या शासकीय सेवेत माझ्या टेबलावरून किती नस्त्या गेल्या याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. त्यांतील बहुतेकांचे विषय आता आठवतही नाहीत. २०११ च्या पावसाळ्यात आलेली एक नस्ती मात्र सेवानिवृत्तीनंतरही मनातून गेलेली नाही. तिचा विषय होता संगणकांच्या जाळ्यात येणारा पॅकेटांचा पूर. मी विज्ञानाचा पदवीधर असलो तरी माझे विज्ञान १९८० साली पदवीबरोबरच संपले होते. तेव्हा या विषयात मला जे कळले ते उशिरा, आणि एका मुलाचे नुकसान होता होता कळले. त्याच वेळी आमच्या घरातील चाळीस वर्षांपूर्वीचे एक कोडेही उलगडले. म्हणून हे लिहून ठेवावेसे वाटते.

कार्यालय कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ग्वाल्हेरात राज्य शासनाची पुष्कळ कार्यालये आहेत, त्यांपैकी ते एक. तीन मजले, साठ-पासष्ट संगणक, आणि ते एकमेकांना जोडणारे, प्रत्येक मजल्यावर एक, असे तीन स्विच. स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात बसवलेली, चोवीस तोंडांची एक चपटी पेटी. प्रत्येक तोंडाला एक केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला एक संगणक. या तोंडांना पोर्ट म्हणतात. कपाटाला कुलूप असे आणि किल्ली बडे बाबूंकडे असे. एवढेच माझे त्या पेटीविषयीचे ज्ञान.

या कार्यालयात संविदेवर काम करणारा तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा होता. दिवसभर नोंदी टंकित करावयाच्या आणि संध्याकाळी नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास करावयाचा, असा त्याचा क्रम. एके दिवशी त्याच्या संगणकावर एक फाइल सापडली. तिच्यात अधिकाऱ्यांची वेतने, कपाती, कर्जाचे हप्ते, इतकेच काय, दोन कर्मचाऱ्यांच्या विभागीय चौकशीची टिपणेही होती. यांतील एकही कागद पाहण्याचा त्याला अधिकार नव्हता. तक्रार झाली, वरिष्ठांनी मला जांच अधिकारी नेमले आणि मी रीतसर ‘कारण बताओ सूचना पत्र’ काढले.

तो समोर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो एवढेच म्हणाला, “सर, मैंने कुछ नहीं निकाला. ये अपने आप आ रहा था.” आपल्या केबलमधून काय काय वाहते हे पाहण्याचा एक कार्यक्रम त्याने अभ्यासासाठी संगणकावर चालवला होता. त्यात ही माहिती आपोआप उमटत गेली, असे त्याचे म्हणणे. ती नोंद त्याने जपून का ठेवली, असे विचारता तो म्हणाला, “ये क्यों आ रहा है, यही समझना था.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आमची यंत्रणा बसवून देणाऱ्या पुरवठादाराच्या माणसाने लेखी दिले होते की स्विचवर एकाचे पॅकेट दुसऱ्याला दिसूच शकत नाही. दिसले तर ते मुद्दाम काही खटाटोप करूनच. चोरी केल्याशिवाय चोरीचा माल घरात कसा येईल, हा तर्क मला सरळ वाटला. संविदा समाप्त करण्याच्या शिफारशीचे टिपण मी जवळजवळ पूर्ण केले होते. फक्त तांत्रिक अभिमत जोडल्यावाचून नस्ती वर पाठवू नये, या जुन्या सवयीमुळे मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापिका बाईंना बोलावले.

बाई आल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, खांद्याला एक पिशवी. त्यांनी मुलाच्या संगणकाकडे पाहिलेही नाही. मला म्हणाल्या, “तुमच्या संगणकावर बसू का?” मी उठलो. मुलाने चालवला होता तोच कार्यक्रम त्यांनी माझ्या संगणकावर चालवला. दुपारचे चार वाजून गेले होते. दोन-तीन मिनिटे काही विशेष दिसले नाही. मग पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. बाईंनी त्यांतील एक ओळ उघडून दाखवली. त्यात तळमजल्यावरच्या एका लेखापालाच्या भविष्य निर्वाह निधीचा तपशील होता.

तो मागवला नव्हता. त्या लेखापालाचे नावही त्या दिवशी माझ्या मनात आले नव्हते. “ही पत्रे तुमच्याही दारात रोज येत आहेत,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांच्याच दारात येत आहेत. संगणक वरचा पत्ता पाहतो, आपला नाही असे दिसले की ते टाकून देतो. म्हणून कोणाला कळत नाही. त्या मुलाने टाकून न देता पाहिले, इतकेच.”

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. या पातळीवरच्या निरोपाला तज्ज्ञ ‘फ्रेम’ म्हणतात, पण बोलण्यात पॅकेट हा शब्द रूढ झाला आहे. तोच मी वापरतो.

प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक पत्ता मिळालेला असतो. तो अठ्ठेचाळीस बिटांचा असून बारा अक्षर-अंकांत लिहितात. त्याचा पहिला अर्धा भाग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा. पॅकेटावर दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. नवा स्विच कपाटात बसवला तेव्हा त्याला यांपैकी कोणताच पत्ता ठाऊक नसतो, आणि कोणी तो त्याला सांगतही नाही. तो स्वतः शिकतो. एखाद्या पोर्टातून पॅकेट आत आले की तो आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि आपल्या नोंदवहीत लिहितो की अमुक पत्त्याचा गृहस्थ सातव्या पोर्टाला राहतो. त्यानंतर घेणाऱ्याचा पत्ता वाचतो. तो नोंदवहीत असेल तर पॅकेट नेमके त्याच पोर्टाने जाते, इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही. नसेल, तर ज्या पोर्टाने ते आले ते सोडून बाकीच्या सर्व पोर्टांनी त्याची एकेक प्रत जाते. यालाच पूर म्हणतात.

येथे मला प्रथम वाटले की ही तर दवंडी झाली. बाईंनी दुरुस्ती केली. दवंडी ही सर्वांसाठीच असते, तिच्यावर पत्ताही ‘सर्वांस’ असाच असतो. तशी पॅकेटे जाळ्यात वेगळी असतात. पूर म्हणजे एकाच माणसाचे पत्र, त्याचे घर ठाऊक नाही म्हणून दारोदार नेलेले. दवंडीत कोणाचे गुपित फुटत नाही. पुरात फुटू शकते.

एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, कारण ती माझ्या पहिल्यांदा लक्षात आली नाही. स्विच शिकतो तो केवळ पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. एखाद्याला दिवसाला हजार पत्रे आली तरी तेवढ्याने स्विचला त्याचे घर कळत नाही. त्याने स्वतः एक ओळ पाठवली तर लगेच कळते. आणि कळलेले कायमचे राहत नाही. शेवटचे बोलणे ऐकल्यापासून ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे, तो गृहस्थ गप्प राहिला तर स्विच त्याचे नाव खोडून टाकतो. ही मुदत बदलता येते, पण बहुतेक ठिकाणी कोणी बदलत नाही.

पाच मिनिटांत विसरणारी ही कसली व्यवस्था, असे मी विचारले. त्यावर बाई म्हणाल्या की न विसरली तर अधिक वाईट. संगणक एका खोलीतून दुसरीत नेतात, कार्ड बदलतात, जुनी यंत्रे भंगारात जातात. जुने पत्ते धरून बसलेला स्विच रिकाम्या खोलीत पत्रे टाकीत बसेल आणि ती गेली हे कोणाला कळणारही नाही. त्यापेक्षा विसरावे आणि पुन्हा विचारावे हे बरे.

नंतर कुतूहलाने मी थोडे वाचले. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट या पद्धतीवर काम सुरू केले. तिच्यात सगळे संगणक एकाच तारेवर असत आणि प्रत्येकाचे बोलणे प्रत्येकाच्या कानावर जाई. पत्ता पाहून आपले तेवढे घ्यायचे, हा शिष्टाचार तेव्हापासूनचा. १९८० नंतरच्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत दोन तारांना जोडणारा आणि स्वतः पत्ते शिकणारा सेतू तयार झाला. असे अनेक सेतू जोडल्यावर पॅकेटे त्यांच्यात अखंड गरगरत राहू नयेत, म्हणून त्याच कंपनीतील रॅडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली एक रीत शोधून काढली. पुढे १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील एका कंपनीने अनेक तोंडांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते होते. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. आमच्या कुलूपबंद कपाटातील पेटीच्या कुळात एक आपल्याकडचे नाव निघावे, याची मला गंमत वाटली.

असो. आमच्या प्रकरणाकडे येतो. एखादे अनोळखी पॅकेट क्षणभर सर्वत्र जाणे यात वावगे काही नाही. समोरच्याने उत्तर दिले की त्याचे घर स्विचला कळते आणि पूर ओसरतो. आमच्याकडचा पूर मात्र तासन्‌तास ओसरत नव्हता. बाईंनी एकेक शक्यता तपासली, आणि त्यांची पद्धत पाहून मला माझ्या चौकशीची लाज वाटली.

पहिली शक्यता पुरवठादाराच्या माणसाने सुचवलेली, म्हणजे मुद्दाम केलेल्या खोडीची. स्विचच्या नोंदवहीची पाने मोजकी असतात. कोणी हजारो खोटे पत्ते पाठवून ती भरून टाकली तर खऱ्या पत्त्यांना जागा उरत नाही आणि सगळेच पूर होऊन वाहू लागते. असे करणारी साधने सहज मिळतात. बाईंनी नोंदवही उघडून दाखवली. आठ हजार नोंदींची जागा होती आणि नोंदी शंभराच्याही आत. खोटा पत्ता एकही नव्हता. दुसरी शक्यता केबलच्या सैल जोडणीची. एखादा दुवा सारखा तुटत-जुळत असेल तर जाळ्याची रचना बदलली असे समजून स्विच आपली स्मृती पाच मिनिटांऐवजी पंधरा सेकंदांवर आणतात, किंवा एकदम पुसून टाकतात. त्याचीही नोंद कोठे नव्हती.

मग त्यांनी सर्वत्र जाणाऱ्या त्या पॅकेटांवरचा पत्ता लिहून घेतला. सगळ्यांवर एकच पत्ता होता. तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका यंत्राचा निघाला. रोज दुपारी चारनंतर लेखा शाखेची दिवसभराची माहिती या यंत्रावर नक्कल होऊन साठत असे. आग लागली, मूळ यंत्र बिघडले, तर निदान प्रत राहावी म्हणून. हे यंत्र कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला दोन नेटवर्क कार्डे होती. अधिक सोय व्हावी म्हणून कोणीतरी दोन्ही जोडून ठेवली होती. परिणाम असा की ते टपाल पुढच्या दाराने घेई आणि पोहोच मात्र मागच्या दाराने पाठवी. स्विचला मागच्या दाराचा पत्ता नित्य ऐकू येई. पुढच्या दाराने कोणी बोललेलेच त्याने ऐकले नव्हते. आणि सगळी पत्रे तर पुढच्या दाराच्या पत्त्यावर येत होती.

आणखी एक गुंता होता. लेखा शाखेची माहिती ज्या राउटरमार्गे येत होती, त्याचीही एक वेगळी नोंदवही होती. यंत्राचे नाव आणि त्याच्या कार्डाचा पत्ता यांची जोडी तो चार तास लक्षात ठेवी. चार तासांनी एकदा तो “आहात का?” असे विचारी, तेव्हा यंत्र पुढच्या दाराने “आहे” म्हणे. ते ऐकून स्विच नोंद करी आणि पाच मिनिटांनी ती पुसून टाकी. म्हणजे चार तासांपैकी तीन तास पंचावन्न मिनिटे अशी, की राउटरला पत्ता ठाऊक आहे म्हणून तो पत्रे टाकतो आहे, आणि स्विचला दार ठाऊक नाही म्हणून तो ती घरोघर नेतो आहे. दोघेही आपापल्या नियमाने चोख. दोष कोणाचाच नाही, आणि लेखापालाचा निधी साऱ्या इमारतीत वाहतो आहे.

दुपारी चारनंतर जाळे मंद चालते अशा तीन तक्रारी त्याच वर्षी आल्या होत्या. त्या दुसऱ्या नस्तीत होत्या. दोन नस्त्या एका टेबलावर ठेवून पाहण्याचे माझ्या मनात आले नव्हते.

उपाय अर्ध्या दिवसात झाला. यंत्राने ज्या दाराने घ्यावे त्याच दाराने बोलावे अशी व्यवस्था केली. राउटरने चार तासांऐवजी पाच मिनिटांच्या आतच विचारपूस करावी, असे दोन्ही स्मृतींचे माप जुळवले. शिवाय ती माहिती उघडी न जाता सांकेतिक रूपात जाईल असे केले. उघडे पोस्टकार्ड जाऊन बंद लखोटा आला. मी विचारले, “स्विचला सांगून पूरच बंद करून टाकता येणार नाही का?” बाई म्हणाल्या, “काही स्विचांत येतो. पण विचार करून करा. जो आपणहून बोलत नाही, त्याच्यापर्यंत पत्र पोहोचवण्याचा तेवढा एकच मार्ग असतो. तो बंद केला तर त्याला कोणी हाक मारली हे कळणारच नाही, आणि तो उत्तरही देणार नाही.”

मुलावरील सूचना पत्र मी मागे घेतले आणि तो निर्दोष असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले. तथापि नस्ती बंद झाली म्हणून सगळे पूर्ववत होत नाही. सूचना पत्रापासून नस्ती बंद होईपर्यंत दोन महिने कार्यालयात त्याला कोणी चहाला बोलावले नव्हते. नंतर बोलावू लागले, पण तो जाईना. वर्षभरात परीक्षा उत्तीर्ण होऊन तो बंगळूरला गेला.

नस्ती ज्या दिवशी बंद केली, त्या रात्री मला झोप आली नाही. मला आमचा दौलतगंजातला वाडा दिसत होता आणि १९७० सालचे एक पोस्टकार्ड.

लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले शहर. तेथील जुन्या वाड्यांतून आपल्या लोकांची दाटी किती, हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि त्यांत आमच्याच आडनावाची तीन. वडील अबोल. पत्र लिहावयाचा त्यांना मनस्वी कंटाळा. आलेल्या पत्राचे उत्तर महिना महिना जात नसे. पोस्टमन दारावर आला तर इतर बिऱ्हाडांतून त्याला पाणी मिळे, दिवाळीला पोस्त मिळे, चार गोष्टी होत. आमच्या दाराशी तो कधी थांबलाच नाही. जुना पोस्टमन तरी वडिलांना चेहऱ्याने ओळखत असे. तो निवृत्त झाला, नवा आला, आणि त्याच सुमारास माझ्या ताईच्या स्थळाचे पोस्टकार्ड आले.

पत्त्यावर नुसते आडनाव आणि वाड्याचे नाव होते. नवा पोस्टमन ते घेऊन बिऱ्हाडाबिऱ्हाडाशी गेला. “हे आपलं का?” प्रत्येकाने पाहिले. पोस्टकार्ड कोणाचे हे ठरवायचे तर ते वाचल्यावाचून कसे ठरणार? स्थळाकडून नकार होता, आणि तोही एका वाक्यात. मुलीला लहानपणी झटके येत असत हे आपण आम्हांपासून लपविलेत, असे ते वाक्य. ताईला सहाव्या-सातव्या वर्षी दोनदा झटके आले होते, पुढे कधीच नाहीत. पण घरात ती गोष्ट आम्ही भावंडेही एकमेकांत बोलत नसू. ती अकरा दारांवरून फिरून आली.

आमच्या घरी ते कार्ड मागच्या चौकातल्या काकूंनी आणून दिले. त्यांनी ते पदराखाली झाकून आणले होते. आईने ते त्यांच्या हातात पाहिले, वाचले, आणि काकूंच्या तोंडाकडे पाहिले. एक शब्दही बोलली नाही. काकूही काही न बोलता परत गेल्या. त्या दिवसापासून आईने काकूंशी बोलणे टाकले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणे गेले नाही. लोणच्याच्या बरण्या, भिजवलेली डाळ, उसनी साखर, सगळे थांबले. त्या वर्षात वाड्यातून जी कुजबुज झाली तिचा उगम काकू, असे आमच्या घरात ठरून गेले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. काकूंच्या मुलाशी खेळणे मीही सोडले. ताईचे लग्न पुढे सात वर्षांनी, जबलपूरला झाले.

चोरीचा माल ज्याच्या हाती दिसला तो चोर. दहाव्या वर्षी मी शिकलेला न्याय एक्कावन्नाव्या वर्षी त्या मुलाला लावीत होतो. काकूंनी ते कार्ड पोस्टमनच्या हातून घेतले नसते, तर ते आणखी दोन दिवस फिरले असते. त्यांनी ते झाकून आणले ते कोणी पाहू नये म्हणून. आम्हांला वाटले, त्यांचे मन खात होते म्हणून.

त्या वर्षी दिवाळीत मी हे आईला सांगितले. ती एक्याऐंशी वर्षांची होती, कान मंद झाले होते, पण बुद्धी लखलखीत. स्विच, राउटर यांतले काहीच न सांगता मी फक्त पोस्टमनचे सांगितले. तो दारोदार फिरला होता, काकूंच्या हाती ते शेवटी आले. आई वाती वळीत होती. ती थांबली नाही.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“त्याच वर्षी कळलं. नळावर पोस्टमनची गोष्ट निघाली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आधी वाटलं, तीच बोलेल. तिलाही तसंच वाटलं असेल. मग म्हटलं, संक्रांतीला जाऊन यावं. ती संक्रांत गेली. मग तुझ्या वडलांनी वाडा सोडला. मग ती मुलाकडे उज्जैनला गेली म्हणून ऐकलं. उज्जैनला कुठे, ते कोणाला विचारायचं? विचारलं असतं तर म्हणाले असते, आता कशी आठवण झाली?”

काकू १९९६ साली वारल्या, असे मला पुढे कोणाकडून तरी कळले होते. ते मी आईला त्या दिवशी सांगितले नाही. तिने विचारले नाही, यावरून ते तिलाही ठाऊक असावे.

तीन वर्षांनी आई गेली. तिच्या सामानात एक वही निघाली. तिच्यात नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे पत्ते होते. काकूंच्या नावापुढे दौलतगंजातल्या वाड्याचाच पत्ता होता. तो खोडलेला नव्हता, आणि त्यापुढे दुसरा लिहिलेलाही नव्हता.

आपल्या या त्रैमासिकाचे टपाल मंडळाच्या कार्यालयात बसून आम्ही तीन-चार निवृत्त मंडळी तयार करतो. दर खेपेस काही अंक परत येतात. घर विकले, मुलाकडे गेले, पत्ता सापडत नाही, असे शेरे असतात. वर्गणी भरून वीस-वीस वर्षे अंक घेणारे, पण कधी एक ओळही न लिहिणारे, असे हे सभासद असतात. पूर्वी मला त्यांचा राग येई. आता येत नाही. मी जुन्या याद्या काढतो, ओळखीच्यांना फोन करतो, अमुक कुठे असतात हो, असे चारचौघांत विचारतो. बहुधा उत्तर मिळत नाही. कधी कधी आठवड्याने एखाद्या अनोळखी क्रमांकावरून फोन येतो, आणि कोणी वृद्ध आवाज म्हणतो, “माझी चौकशी करत होतात म्हणे?” तेवढ्याने त्यांचे नाव पुन्हा यादीत चढते.

बाई निघताना म्हणाल्या होत्या की नीट चालणाऱ्या यंत्रांनाही अधूनमधून एक छोटे पॅकेट पाठवावयास सांगून ठेवतात. त्यात निरोप काहीच नसतो. आपण येथे आहोत, एवढे दुसऱ्याच्या नोंदवहीत राहावे म्हणून ते असते.

त्या मुलाला मी दर दिवाळीला फोन करतो. पहिल्या वर्षी तो दचकला. “सर, कुछ काम था?” त्याने विचारले. मी म्हटले, “नहीं, ऐसे ही.” दुसऱ्या वर्षीही त्याने तेच विचारले आणि मीही तेच सांगितले. मागील दिवाळीत फोन करावयास मला दोन दिवस उशीर झाला. तेव्हा त्याचाच आला.